अनोळखी माणसासाठी



आयोजकांनी मला विषय दिला तो असा: ‘माणसं एकमेकांशी जोडलेली आहेत, म्हणून आपण करुणेनं जगलं पाहिजे.’ मी तीस वर्षं सैन्यात काढली. तिथली एक सवय अंगात मुरली आहे. आदेश हातात आला की आधी तो शब्द न् शब्द वाचायचा. हे वाक्य वाचताना मी ‘म्हणून’ या शब्दावर अडलो. माणसं जोडलेली आहेत, हे खरं. करुणेनं जगावं, हेही खरं. पण पहिल्यातून दुसरं आपोआप निघतं का?

माझं मत असं की निघत नाही. मधे काहीतरी करावं लागतं. ते काय, एवढंच मी आज सांगणार आहे आणि ते चेन्नईच्या गोष्टींतून सांगणार आहे. मी या शहरात पहिल्यांदा आलो तो कॅडेट म्हणून, परंगीमलैच्या पायथ्याशी. आज त्या संस्थेला ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी म्हणतात, आमच्या वेळी ती स्कूल होती. निवृत्तीनंतर पुन्हा इथंच येऊन राहिलो. माझं तमिळ अजून मोडकंतोडकं आहे. भाजीवाली अम्मा ते ऐकून हसते, पण तराजूत कमी टाकत नाही.

आधी ‘जोडलेले आहोत’ म्हणजे काय ते बघू. एरवी ते दिसत नाही. बिघाड झाला की दिसतं.

२०१५ च्या डिसेंबरची १ तारीख. चेन्नईवर दिवसभर, रात्रभर पाऊस कोसळत होता. चेंबरंबाक्कम तलावातून अडयार नदीत पाणी सोडलं गेलं. सैदापेट, कोट्टूरपुरम, जाफरखानपेट, मुडिचूर अशा वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. विमानतळ कित्येक दिवस बंद राहिला. या सगळ्या मोठ्या बातम्यांत एक बातमी छोटी होती. २ डिसेंबरला ‘द हिंदू’ हे वर्तमानपत्र चेन्नईत छापलंच गेलं नाही. १८७८ साली सुरू झालेल्या या पत्राच्या बाबतीत असं पहिल्यांदाच घडलं. छापखाना शहराबाहेर, मरैमलै नगरला. बातम्या तर त्या दिवशी ढीगभर होत्या. पण छापणारे कामगार पाण्यातून तिथवर पोचू शकले नाहीत.

म्हणजे बघा, इतकी वर्षं रोज सकाळी पेपर दारात पडत होता. संपादक कोण, ते वाचकांना ठाऊक होतं. मरैमलै नगरला रात्रपाळीला कोण जातं, हे कुणी विचारलं नव्हतं. तो माणूस घरातून निघू शकला नाही, तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपली सकाळ त्याच्या रात्रीवर उभी आहे.

त्याच पुरात दुसरी गोष्ट दिसली. सैन्य आलं, नौदल आलं, एनडीआरएफ आली. आणि मच्छीमार आले. चेन्नईच्या किनाऱ्यावर कोळीवाडे आहेत, इथं त्यांना कुप्पम म्हणतात. समुद्रात जाणाऱ्या होड्या ट्रकवर चढवून त्यांनी शहराच्या आतल्या वस्त्यांत आणल्या आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर अडकलेल्या लोकांना बाहेर काढलं. त्यातल्या कित्येकांनी त्या होडीचा वासही आयुष्यात घेतला नव्हता. सुक्या मासळीच्या वासानं नाक मुरडणारे लोक त्या दिवशी त्याच होडीत गुडघे जवळ घेऊन बसले. कोट्टूरपुरममध्ये पाणी ओसरल्यावर मुस्लिम स्वयंसेवकांनी मशिदींबरोबर देवळांतलाही गाळ उपसला. आमच्या इमारतीत तर लिफ्टमध्ये मान हलवण्यापुरती ओळख होती. त्या आठवड्यात तळमजल्यावरची दोन कुटुंबं आमच्या हॉलमध्ये झोपली आणि एकाच पातेल्यातला भात सगळ्यांनी खाल्ला.

मग पाणी ओसरलं. जानेवारी आला. पेपर पुन्हा दारात पडू लागला आणि लिफ्टमध्ये मान हलवणंही पुन्हा सुरू झालं. मी कुणाला दोष देत नाही, माझंही तेच झालं असतं आणि झालं. संकटातली करुणा खरी असते, पण ती पाण्याबरोबर चढते आणि पाण्याबरोबर उतरते.

सैन्याला हे फार पूर्वी कळलं आहे. म्हणून सैन्य भावनेवर विसंबत नाही. तिथं ‘बडी’ असतो. दोन जवानांची जोडी लावून दिलेली असते. एक झोपला की दुसरा जागा. एकाच्या पायाला छाले आले आहेत का, हे दुसऱ्यानं बघायचं. त्यांची दोस्ती आहे की नाही, हे कुणी आधी विचारत नाही. जोडी लावली, काम वाटून दिलं, की दोस्ती मागून येते. मी गावाकडचा मराठा जवान आणि नागालँडचा जवान यांना असं एकमेकांची काळजी घेताना पाहिलं आहे, भाषेचा एक शब्द सामाईक नसताना.

पण प्रामाणिकपणे सांगायचं, तर बडीसाठी जीव टाकणं हे तितकं अवघड नाही. तो तुमचा असतो. त्याचा चेहरा माहीत असतो, त्याच्या मुलीचं नाव माहीत असतं. खरी परीक्षा पुढची आहे. ज्याचा चेहरा तुम्ही कधीच बघणार नाही, जो तुम्हाला कधीच ‘धन्यवाद’ म्हणणार नाही, त्याच्यासाठी काय?

आता मी तुम्हाला याच शहराची एक वाईट गोष्ट सांगतो. ती टाळून पुढं गेलो तर आजचं बोलणं खोटं ठरेल.

२६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. उत्तर चेन्नईतल्या अनेक मच्छीमार कुटुंबांची घरं गेली, होड्या गेल्या, जाळी गेली. त्यांना एर्णावूर इथं तात्पुरत्या निवाऱ्यात हलवलं गेलं. समुद्र लांब पडला, धंदा बसला, सावकाराचं कर्ज वाढत गेलं. जानेवारी २००७ मध्ये उघडकीला आलं की त्या वस्तीतल्या अनेक बायकांनी कर्ज फेडण्यासाठी आपली एक किडनी विकली होती. दलालांनी कबूल केलेले पैसेही पूर्ण हातात पडले नव्हते. हे शहरात पहिल्यांदा घडलं असंही नाही. विल्लिवाक्कम या भागाला लोक एके काळी ‘किडनीवाक्कम’ म्हणत.

तुम्ही म्हणाल, कायदा नव्हता का? होता. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा आहे. अवयव विकणं त्यानं गुन्हा ठरवलं. जिवंत माणसानं अवयव द्यायचा तर तो जवळच्या नातेवाइकाला. पण एक अपवाद ठेवला. नातेवाईक नसलेल्यालाही, त्याच्याबद्दल ‘जिव्हाळा किंवा ओढ’ आहे म्हणून, समितीच्या परवानगीनं अवयव देता येईल. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. जिवलग मित्र असू शकतो, सांभाळलेला मुलगा असू शकतो. दलालांनी नेमकी तीच फट हेरली. एर्णावूरची कर्जबाजारी बाई आणि जिला तिनं कधी पाहिलं नाही अशी पैसेवाली रुग्ण. कागदावर लिहिलं जाई की हिला तिच्याबद्दल जिव्हाळा आहे. खाली अंगठा.

मित्रहो, मी सुरुवातीला ‘म्हणून’ या शब्दावर का अडलो, ते इथं कळेल. त्या दोन बायका जोडलेल्या नव्हत्या का? होत्याच. त्याहून जवळचं जोडणं कुठलं असणार? एकीच्या शरीराचा भाग दुसरीच्या शरीरात काम करत होता. पण त्या जोडणीतून करुणा वाहत नव्हती. एकीची गरज आणि दुसरीची लाचारी यांचा तो व्यवहार होता. दोर तोच असतो. त्यानं विहिरीतलं पाणीही काढता येतं आणि गळाही आवळता येतो.

याच शहरानं पुढं काय केलं, ते आता ऐका.

एर्णावूरच्या प्रकरणानंतर सरकारवर, डॉक्टरांवर मोठा दबाव आला. जिवंत गरिबाच्या शरीरातून अवयव काढण्याऐवजी मेंदूमृत व्यक्तीच्या कुटुंबानं केलेल्या दानातून अवयव मिळावेत, अशी व्यवस्था उभी करायचं ठरलं. २००८ मध्ये तमिळनाडू सरकारनं त्यासाठी एकामागून एक आदेश काढले. मेंदूमृत्यू कसा ठरवायचा, कुणी ठरवायचा, अवयव कोणत्या क्रमानं द्यायचे, प्रतीक्षा यादी कुणी ठेवायची, हे सगळं लिहून काढलं.

हे कागद तयार होत असतानाच, सप्टेंबर २००८ मध्ये, तिरुक्कळुकुंड्रम इथला हितेंद्रन नावाचा १५ वर्षांचा मुलगा दुचाकीच्या अपघातात जबर जखमी झाला. त्याला चेन्नईला आणलं. डॉक्टरांनी तो मेंदूमृत झाल्याचं सांगितलं. मेंदूमृत्यू म्हणजे काय, हे जरा थांबून समजून घ्या, कारण सगळे गैरसमज इथंच आहेत. तो कोमा नव्हे. मेंदूच्या ज्या भागातून श्वास चालतो, तो भागच कायमचा बंद पडलेला असतो. व्हेंटिलेटर फुप्फुसात हवा ढकलतो म्हणून हृदय काही काळ धडधडत राहतं. यंत्र काढलं तर थांबतं. कायद्यानं हा निर्णय एका डॉक्टरवर सोपवलेला नाही. चार डॉक्टरांचं मंडळ लागतं आणि सगळ्या तपासण्या किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा कराव्या लागतात.

हितेंद्रनचे आईवडील दोघंही डॉक्टर होते. समोरचं यंत्र काय करतंय आणि काय करत नाही, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. पण ज्ञान असणं वेगळं आणि पोटच्या मुलाचा हात उबदार असताना ‘हो’ म्हणणं वेगळं. त्यांनी अवयवदानाला होकार दिला.

हृदय बंगळूरच्या एका नऊ वर्षांच्या मुलीला द्यायचं ठरलं. ती शहराच्या पश्चिमेला, मोगप्पेरच्या रुग्णालयात होती. काढलेलं हृदय साधारण चार तासांच्या आत दुसऱ्या छातीत सुरू व्हावं लागतं. शस्त्रक्रियेचा वेळ वजा केला तर रस्त्यासाठी फार थोडा उरतो. मधे चेन्नईची वाहतूक. एरवी पाऊण तास खाणारं ते अंतर पोलिसांनी रस्ता मोकळा करून अकरा मिनिटांत पार करवून दिलं. आज ज्याला आपण ‘ग्रीन कॉरिडॉर’ म्हणतो, तो शब्द तेव्हा लोकांच्या तोंडी नव्हता. या घटनेवरून पुढं २०११ मध्ये मल्याळममध्ये ‘ट्रॅफिक’ आणि २०१३ मध्ये तमिळमध्ये ‘चेन्नईयिल ओरु नाळ’ असे चित्रपट आले, ते तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील.

चित्रपटात गाडी दिसते, ड्रायव्हर दिसतो. माझं लक्ष मात्र रस्त्याच्या कडेला थांबलेल्या लोकांकडे जातं. रिक्षावाले, शाळेच्या बस, दूधवाले, ऑफिसला उशीर झालेले. त्यांना थांबवलं होतं. कुणासाठी, हे बहुतेकांना माहीत नव्हतं. काहींनी वैतागून हॉर्न वाजवला असेल, काहींनी शिवी हासडली असेल. तरी ते थांबले. त्यांनी दिलेली मिनिटं एका मुलीच्या छातीत धडधडू लागली आणि त्यांना बिचाऱ्यांना ते संध्याकाळच्या बातम्यांत कळलं, कदाचित कळलंही नाही.

आता एर्णावूर आणि हा रस्ता शेजारी ठेवून बघा. शहर तेच. मधे दोन वर्षंही नाहीत. अवयव तसेच. तिथं कागदावर जिव्हाळा लिहिलेला होता आणि मनात भीती होती. इथं जिव्हाळ्याचा कागद कुणी मागितलाच नाही. देणाऱ्यानं घेणारा निवडायचा नाही, असाच नियम आहे. यादीत जो पुढं आहे आणि ज्याला तो अवयव जुळतो, त्याला मिळतो. जात, धर्म, भाषा यांचा रकानाच नाही. तमिळ मुलाचं हृदय कर्नाटकातून आलेल्या मुलीला गेलं, तेव्हा कावेरीच्या पाण्याचं भांडण कुणी मधे आणलं नाही.

या एका घटनेनं तमिळनाडूत काय झालं, त्याला डॉक्टर मंडळींनी नावच दिलं, ‘हितेंद्रन परिणाम’. आयसीयूच्या बाहेर बसलेली माणसं स्वतःहून विचारू लागली की त्या मुलाच्या घरच्यांनी केलं तसं आम्हाला करता येईल का? जगात असं पूर्वीही झालं आहे. १९९४ मध्ये निकोलस ग्रीन नावाचा सात वर्षांचा अमेरिकन मुलगा आईवडिलांबरोबर इटलीत फिरायला गेला होता. महामार्गावर लुटारूंनी गाडीवर गोळ्या झाडल्या, त्यात तो गेला. त्याच्या आईवडिलांनी त्याचे अवयव आणि नेत्रपटलं दान केली आणि ती सात इटालियन माणसांना मिळाली. ज्या देशाच्या रस्त्यावर मुलगा मारला गेला, त्याच देशातल्या सात घरांत. त्यानंतर इटलीत अवयवदान झपाट्यानं वाढलं.

पण मित्रहो, एक मोठ्या मनाचं कुटुंब आणि अकरा मिनिटं यावर कुठलंच राज्य चालत नाही. माझ्यातला फौजी इथं विचारतो, दुसऱ्या दिवशी काय? पुढच्या वर्षी काय? त्याचं उत्तर व्यवस्थेत आहे. २००८ चे आदेश होते, यादी होती. २०१४ मध्ये तमिळनाडूनं त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माणसं तयार केली. १९९७ पासून चेन्नईत ‘मोहन फाउंडेशन’ ही संस्था या क्षेत्रात आहे. ती प्रत्यारोपण समन्वयकांना प्रशिक्षण देते.

या समन्वयकाचं काम ऐकलं तेव्हा मला वाटलं, करुणेची व्याख्या शोधत फिरायची गरज नाही, ती इथं कामाच्या यादीत लिहिलेली आहे. आयसीयूच्या बाहेर सुन्न होऊन बसलेल्या घरच्यांजवळ तो जातो. पहिला नियम, अवयवांचा विषय काढायचा नाही. आधी ते काय म्हणतायत ते ऐकायचं. पाणी प्यायलेत का, गावाकडे फोन झालाय का, ते बघायचं. आपलं माणूस गेलं आहे हे त्यांना डॉक्टरांकडून कळलं पाहिजे आणि ते मनानं थोडं तरी स्वीकारलं गेलं पाहिजे. त्यानंतरच दानाचं विचारायचं. आणि उत्तर ‘नाही’ आलं तर त्याचा मान ठेवायचा. तोंड फिरवायचं नाही. दुःखात बुडालेल्या माणसाकडे ‘याच्याकडून मला काय मिळेल’ या नजरेनं बघायचं नाही, हा त्या प्रशिक्षणाचा गाभा आहे. एर्णावूरचा दलाल नेमकं उलटं करत होता.

आता तुमच्यातले काही जण मनात म्हणत असतील, ‘साहेब, हे सगळं चांगलं, पण शेवटी अवयव मिळतो श्रीमंतालाच ना?’ प्रश्न रास्त आहे. अपघातात डोक्याला मार लागलेला दुचाकीवाला बहुधा साध्या घरातला असतो आणि प्रत्यारोपणाचा खर्च खासगी रुग्णालयात लाखांत जातो. म्हणूनच सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया होणं आणि सरकारी विमा योजनेत ती असणं महत्त्वाचं आहे. चेन्नईत राजीव गांधी सरकारी रुग्णालयात आणि स्टॅन्ली रुग्णालयात प्रत्यारोपणं होतात. तेवढ्यानं विषमता संपली, असं मी म्हणणार नाही. पण ‘व्यवस्था अपुरी आहे’ हे व्यवस्था वाढवायचं कारण आहे, दान नाकारायचं नाही.

या स्टॅन्ली रुग्णालयाची जन्मकथाही आपल्या विषयाचीच आहे. उत्तर चेन्नईतले जुने लोक त्याला ‘कांजीतोट्टी’ म्हणत. कांजी म्हणजे आपली पेज. १७८२ च्या सुमारास, हैदर अलीच्या युद्धात आणि दुष्काळात उपाशी लोक मद्रासकडे लोटले. त्यांना पेज वाटायला एक अन्नछत्र उघडलं, मणेगार चौल्ट्री. भुकेल्यांपाठोपाठ आजारी आले, म्हणून शेजारी दवाखाना आला. त्यातून वाढत वाढत आजचं रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय झालं. जिथं पेजेसाठी रांग लागत होती, तिथं आज यकृत आणि मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण होतं.

अन्नछत्राचं नाव निघालं म्हणून आपल्या माणसांची एक गोष्ट सांगतो. इथून दक्षिणेला तंजावर. तिथं मराठ्यांचं राज्य होतं, हे आपण अभिमानानं सांगतो आणि सरस्वती महालाच्या पोथ्यांचा उल्लेख करतो. त्या राजांनी रामेश्वरच्या यात्रेच्या वाटेवर छत्रं बांधली होती, हे कमी सांगतो. १७९९ मध्ये कंपनी सरकारनं राज्याचा कारभार आपल्याकडे घेतला. त्यानंतर १८०१ मध्ये सरफोजीराजांनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून विनंती केली की ही छत्रं चालू राहू द्या. गादी राहिली, सत्ता गेली. अशा वेळी माणूस काय मागतो, त्यावरून तो कळतो. त्या पत्रात छत्रांत काय चालतं, ते तपशिलानं आहे. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्यांपर्यंत सगळ्या वाटसरूंना जेवण. आजाऱ्याला वैद्य आणि पथ्याचं खाणं. वाटेत प्रसूत होणाऱ्या बाईची सोय, तान्ह्या मुलांना दूध. आईबाप वाटेत गेले तर मुलांचा सांभाळ आणि शिक्षण. आणि मध्यरात्री एक घंटा वाजवत, म्हणजे कुणी जेवायचं राहिलं असेल तर त्यानं यावं, त्याच्यासाठी भात ठेवलेला आहे.

मला त्या घंटेचं फार वाटतं. ती कुणासाठी वाजते, हे वाजवणाऱ्याला माहीत नाही. अंधारात कुणी आहे की नाही, तेही माहीत नाही. पण भात शिजवून ठेवलेला आहे. माणूस येण्याच्या आधी. मघाशी मी म्हणालो ना, जोडलेपण आणि करुणा यांच्या मधे काहीतरी करावं लागतं? ते हे. अनोळखी माणूस दारात येण्याआधी त्याची सोय करून ठेवणं. छत्रात भात, रस्त्यावर मोकळी वाट, रुग्णालयात प्रामाणिक यादी. तो आल्यावर आपल्या मनात दया येईल का, याच्यावर त्याचं नशीब सोडायचं नाही.

शेवटची गोष्ट. दरवर्षी २३ सप्टेंबर हा दिवस तमिळनाडूत हितेंद्रनची आठवण म्हणून अवयवदान दिन मानतात. २०२३ मध्ये त्याच दिवशी मुख्यमंत्री स्टालिन यांनी जाहीर केलं की यापुढं अवयवदात्यांवर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार होतील. तेव्हापासून जिल्हाधिकारी किंवा त्यांचे अधिकारी दात्याच्या घरी जाऊन मानवंदना देतात.

हा मान काय असतो, हे मी जवळून पाहिलं आहे. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी घेऊन मी गावागावांत गेलो आहे. जवान मरतो तेव्हा त्यानं आधीच शपथ घेतलेली असते. त्याच्या मागं रेजिमेंट असते, शतकांची परंपरा असते. पण अपघातात गेलेल्या एखाद्या ट्रकड्रायव्हरच्या बायकोनं कुठली शपथ घेतली होती? तिला कुणी प्रशिक्षण दिलं होतं? रुग्णालयाच्या बाकावर, दोन दिवस झोप नाही, पदरात लहान मूल, अशा अवस्थेत ती सही करते आणि तिला कधीच न भेटणारी पाच-सात माणसं जगतात. तिच्या दारात सलामी दिली जात असेल, तर एक सैनिक म्हणून सांगतो, ती सलामी योग्य ठिकाणी दिली जाते आहे.

आता तुमच्याकडे एक मागणी. तीही फौजी पद्धतीची, म्हणजे आजच्या आज करण्यासारखी.

अवयवदानाचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, तो भरा. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रं आहेत, तिथंही माहिती मिळते. पण नुसता अर्ज भरून थांबू नका. आपल्याकडे त्या क्षणी घरच्यांना विचारलं जातं. तुमच्या पाकिटात कार्ड असेल आणि बायकोला, मुलाला ते माहीतच नसेल, तर त्या बाकावर बसून ते काय ठरवणार? म्हणून रात्री जेवताना सांगा. ‘माझं असं काही झालं तर माझे अवयव द्या. नंतर देह तुम्हाला नीट शिवून परत मिळतो, सगळे विधी करता येतात.’ एवढंच. मुलं म्हणतील, ‘बाबा, जेवताना काय हे!’ म्हणू द्यात. त्यांच्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट दिवशी, त्यांना निर्णयाचं ओझं एकट्यानं वाहावं लागू नये, म्हणून तुम्ही हे बोलताय. ही करुणा आधी घरच्यांवर आहे, मग परक्यावर.

ज्यांना हे नको वाटत असेल, त्यांच्यावर माझी जबरदस्ती नाही. त्यांनी हेल्मेट घालावं, मुलांना घालायला लावावं. रुग्णवाहिकेचा आवाज आला की गाडी डावीकडे घ्यावी, आत कोण आहे हे न विचारता. आणि एखादा माणूस मदतीसाठी समोर आला की त्याच्या लाचारीची किंमत करू नये.

आपण जोडलेले आहोतच. ते आपण ठरवलेलं नाही आणि आपल्याला तोडताही येणार नाही. त्या दोरातून काय जाणार, एवढंच आपल्या हातात आहे.

 जय हिंद.